वळचण, जोतं आणि मोरी: कोकणातल्या घरात रानातलं जनावर शिरू नये म्हणून

कोकणात नवीन घर घेतलेल्या किंवा गावचं जुनं घर पुन्हा उघडलेल्या माणसाची पहिली तक्रार बहुतेक एकच असते: रात्री माळ्यावर कोणीतरी चालतं. दुसरी तक्रार पहिल्या पावसानंतर येते: मोरीत जनावर निघालं. (इथे नुसतं ‘जनावर’ म्हटलं की साप समजायचा.) मग दुकानातून डांबराच्या गोळ्या, गंधक, कार्बोलिक आणलं जातं, घराभोवती रेघ ओढली जाते आणि दोन सरींत ती धुऊन जाते. धुतली नसती तरी फरक पडला नसता. त्या वासाने साप अडत नाही, फट बुजवली की अडतो. उदमांजर, उंदीर, पाकोळ्या (लहान वटवाघळं) यांचंही तेच. म्हणून खाली जे सांगितलं आहे ते जवळजवळ सगळं जाळी, चुना-सिमेंट आणि कोयती यांचं काम आहे.

हे काम एप्रिल-मे महिन्यात, घर शाकारायच्या वेळीच उरकायचं. कौलं परतायला माणूस वर चढलेला असतोच, वासे उघडे असतात, कुठे कुरतडलंय ते दिसतं. मिरगाला पाऊस सुरू झाला की शेवाळलेल्या कौलांवर कोणी पाय ठेवत नाही. शाकारणारे गडी मे महिन्यात मिळत नाहीत, त्यांना शिमग्यानंतर लगेच सांगून ठेवा.

आत कोण आहे ते आधी ओळखा

संध्याकाळी साडेसात-आठच्या सुमारास माळ्यावर जड पावलांची धावपळ, मग रात्रभर शांतता आणि पहाटे पुन्हा धावपळ, असं असेल तर ते उदमांजर, म्हणजेच कांडेचोर. ते दिवसभर माळ्यावर झोपतं आणि रात्री चरायला बाहेर जातं. त्याची विष्ठा पाहिली की शंकाच उरत नाही, कारण तिच्यात जांभळाच्या, करवंदाच्या, माडाच्या जातीतल्या फळांच्या बिया अख्ख्या असतात आणि ती बहुतेक आढ्यावर किंवा गडग्यावर (दगडी कुंपणावर) ठरलेल्या जागी पडलेली असते. काही वेळा माळ्यावरून आंबेमोहोर शिजत असल्यासारखा वास येतो, तोही त्याचाच. सीलिंगवर पिवळट डाग पडत असतील तर ते कौल गळतंय असं समजून कौलं बदलत बसू नका, आधी माळ्यावर डोकावा.

रात्रभर बारीक करकर चालू असेल तर उंदीर. लेंडी टोकदार असते. पाकोळीची लेंडीही दिसायला तशीच, पण बोटांत चिरडली (हातमोजा घालून) की भुगा होतो आणि त्यात किड्यांच्या पंखांचे चमकणारे कण दिसतात. उंदराची चिरडत नाही. टोकाला पांढरा ठिपका असेल तर पाल आहे, काही करू नका.

संशयाच्या वाटेवर चुलीतली चाळलेली राख किंवा रांगोळी हातभर रुंद पसरा आणि सकाळी पावलं बघा. उदमांजराच्या पंजाला पाच बोटं उमटतात, घरच्या मांजराला चार. मांजराची नखं उमटत नाहीत. आत सध्या कोणी आहे की नाही हे कळायला आणखी सोपी युक्ती आहे: भोकात वर्तमानपत्राचा बोळा सैल कोंबून ठेवायचा. सलग तीन रात्री बोळा हलला नाही तर ती वाट सुटलेली आहे, बुजवायला हरकत नाही.

हे ओळखणं टाळून थेट भोक बुजवणं ही नवख्या माणसाची सगळ्यात महागडी चूक. आत अडकलेलं उदमांजर बाहेर पडण्यासाठी सीलिंग फाडतं. पिल्लं आत राहिली आणि आई बाहेर अडली तर ती रात्रभर कौलं उचकटते, आणि आत राहिलेली पिल्लं मेली की पंधरा दिवस घरात जेवण जात नाही.

वळचणीची जाळी

साप सोडला तर कौलारू घरात शिरणारे बहुतेक प्राणी वळचणीतून शिरतात. भिंतीचा माथा आणि कौलं यांच्यामध्ये, दोन वाशांच्या मधोमध, चार ते आठ इंचांची मोकळी जागा असते. ती सिमेंटने लिंपून टाकायचा मोह होतो. लिंपू नका. चुलीचा धूर आणि पावसाळ्यातली दमट हवा त्याच वाटेने बाहेर जाते. ती कोंडली की दोन-तीन पावसाळ्यांत वाशांची टोकं कुजतात, मग वाळवी लागते. इथे जाळीच हवी.

जाळी वेल्डेड घ्यायची. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती षटकोनी जाळी उंदीर कुरतडतो आणि उदमांजर ओढून रुंद करतं. चौकोन अर्ध्या इंचाचा (12 मिमी) असला तर उदमांजर आणि मोठा उंदीर थांबतो. पाकोळ्या, चिचुंद्री, उंदराचं पिल्लू, लहान साप यांच्यासाठी पाव इंच (6 मिमी) लागतो. पैशांचा प्रश्न नसेल तर सगळीकडे पाव इंचाची लावा, फक्त चुलीच्या वर ती काजळीने बुजते, तिथे वर्षातून एकदा ब्रश फिरवावा लागतो.

समुद्र किंवा खाडी जवळ असेल तर जीआयची (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची) जाळी खाऱ्या वाऱ्याने लवकर गंजते आणि बोटाने दाबली तरी तुटायला लागते. तिथे 316 ग्रेडची स्टेनलेस स्टीलची घ्या. स्क्रू आणि वॉशरही स्टेनलेसचेच. स्टीलच्या जाळीला लोखंडी खिळे मारले की जाळी शाबूत राहते, पण खिळे गंजून गळतात आणि एके दिवशी सगळी पट्टी लोंबताना दिसते.

हिशोब असा (फट सहा इंचांपर्यंत धरून). 30 बाय 20 फुटांच्या घराला चारही बाजू मिळून 100 फूट वळचण धरा. तीन फूट पन्ह्याची जाळी लांबीत कापून एक-एक फुटाच्या तीन पट्ट्या निघतात, म्हणजे 34 फूट जाळी पुरते. कोपरे आणि चुकलेले तुकडे धरून 40 फूट आणा. वर आणि खाली दोन्ही कडांना दर सहा इंचांवर एक स्क्रू, म्हणजे साधारण 400 स्क्रू आणि तितकेच वॉशर. वॉशर वाचवू नका, स्क्रूचं डोकं जाळीच्या चौकोनातून सहज निसटतं.

बसवायचं काम वाशापाशी अडतं. लोक दोन वाशांच्या मधल्या मापाचा तुकडा कापून खिळवतात आणि वाशाच्या दोन्ही अंगांना बोटभर फट राहते; उंदराला तेवढी पुरते. त्याऐवजी:

1. पट्टी फटीपेक्षा वर तीन इंच आणि खाली तीन इंच जास्त ठेवा.
2. ती वळचणीला आडवी धरून प्रत्येक वाशाच्या दोन्ही कडा खडूने जाळीवर आखा.
3. त्या खुणांवर वरून खाली, वाशाच्या जाडीइतकी चीर कात्रीने पाडा. मधला तुकडा कापून टाकू नका, वाशाच्या पोटाखाली तो आडवा दुमडा.
4. वाशाच्या दोन्ही बाजूंना उरलेले कान वाशाच्या अंगावर दुमडून प्रत्येकी दोन स्क्रू मारा.
5. वरची कड रिपेवर (वाशांवरच्या आडव्या लाकडी पट्टीवर), खालची भिंतीवरच्या लाकडी पाटावर. पाट नसेल तर चिऱ्यात थेट प्लग मारू नका. जांभा भुसभुशीत असतो, प्लग वर्षभरात फिरू लागतो. आधी इंचभर जाडीची लाकडी पट्टी लांब स्क्रूने चिऱ्यांना पक्की करा आणि जाळी त्या पट्टीवर लावा.

हातमोजे घाला. कापलेल्या जाळीच्या टोकांनी मनगट फाटतं ते पहिल्या दहा मिनिटांतच.

उदमांजर आत राहत असेल तर सगळी वळचण बंद करून त्याची नेहमीची एक वाट मोकळी ठेवा. त्या वाटेवर फूटभर लांबीची जाळीची झडप फक्त वरच्या कडेने अडकवा, अशी की आतून ढकलली तर बाहेर उघडेल आणि बाहेरून ओढली तर चौकटीवर टेकेल. झडप चौकटीपेक्षा दोन्ही अंगांना दोन इंच मोठी हवी, नाहीतर पंजा घालून ती उचलतात. पाच रात्री ठेवा, राखेवर फक्त बाहेर जाणारी पावलं उमटली की झडप काढून पक्की जाळी. माळ्यावरून चिवचिवाट येत असेल तर पिल्लं आहेत. तेव्हा झडपही नको. दोन-अडीच महिन्यांत ती आईबरोबर बाहेर फिरायला लागतात, तोवर डाग सोसायचे. पाकोळ्यांनाही हाच नियम, फक्त झडपेऐवजी भोकावर मच्छरदाणीचं कापड वरून आणि बाजूंनी चिकटवून खाली दोन फूट मोकळं सोडायचं. त्या सरपटत खाली उतरून निघून जातात, परतीचं भोक त्यांना सापडत नाही.

माळ्यावरची सुकी लेंडी झाडूने झाडू नका. धूळ छातीत जाते. आधी जंतुनाशक घातलेल्या पाण्याने भिजवा, तोंडाला मास्क बांधा आणि मग खरवडा.

कौलं, फांद्या आणि माकडं

मंगलोरी कौलाच्या पोटाकडे एक छोटं भोक असलेला कान असतो, तो तार बांधायलाच दिलेला आहे. बांधतो क्वचित कोणी. वळचणीकडच्या पहिल्या दोन ओळी आणि दोन्ही टोकांची कौलं स्टीलच्या किंवा तांब्याच्या तारेने रिपेला बांधली तर उदमांजराला कौल सरकवता येत नाही आणि वादळातही त्याच ओळी वाचतात. आढ्यावरची गोल कौलं चुना-सिमेंटात बसलेली आहेत का, तेही बघा; तिथला माल सुटला की आत जायला सरळ रस्ता तयार होतो.

छपरापासून दहा फुटांच्या आत आंबा, काजू, फणस कशाचीही फांदी नको. उदमांजर आणि उंदीर एवढ्याने थांबतात. वानर नाही थांबत, ते याहून लांब उडी मारतं. वानरं कौलं फोडतात ती उडी मारून उतरताना. लाल तोंडाची माकडं, म्हणजे केलडी, कौलं मुद्दाम उचकटतात, कारण खाली खायचं आहे हे त्यांना माहीत असतं. म्हणून माकडांचा बंदोबस्त स्वयंपाकघरातून सुरू होतो. केळीचा घड ओटीवर टांगलेला, पडवीत वाळत घातलेली आमसुलं, उघडं कोठार. यांतलं एक जरी रोज दिसत असेल तर फटाके, गलोल, बुजगावणं सगळं आठवडाभरात निकामी होतं. खिडकीच्या गजांत चार इंच अंतर असेल तर केलड्याचं पिल्लू आत शिरतं आणि वस्तू बाहेर काढून देतं. गजांच्या आतून अर्ध्या इंचाची जाळी लावा.

परसातल्या भाजीवर टाकायला जुनी मासेमारीची जाळी बंदरावर स्वस्तात मिळतात आणि चांगली टिकतात. पण त्यांची खालची कड जमिनीवर लोळू देऊ नका. नायलॉनच्या सैल जाळ्यात धामण अडकते, सुटायच्या धडपडीत आणखी गुंतते आणि मग घराशेजारी चिडलेलं जनावर अडकून बसतं. कड वीतभर वर ताणून बांधा.

मेलेलं किंवा अंगावर गोचीड दिसणारं माकड सापडलं तर हात लावू नका, मुलांना आणि कुत्र्याला जवळ जाऊ देऊ नका, आरोग्य केंद्राला कळवा. सिंधुदुर्गात दोडामार्ग आणि बांदा भागात 2016 पासून माकडतापाचे रुग्ण सापडले आहेत आणि तो गोचिडीतून पसरतो.

जोतं, मोरी, उंबरा

साप घरात येतो तो उंदराच्या मागे किंवा कोरड्या जागेच्या शोधात, आणि बहुतेक वेळा जमिनीलगत येतो. जांभ्याच्या जोत्याचे दर्जे (चिऱ्यांमधले सांधे) पावसाने धुऊन पोकळ होतात. दर वर्षी मेमध्ये एकदा घराभोवती बसून फिरा, शिडीवरून नव्हे, उकिडवं बसून. ज्या फटीत पेन्सिल जाते ती बुजवायची. आतला सुटलेला माल खरवडून काढा, पाणी मारा, मग एक भाग सिमेंट चार भाग वाळूचा माल दाबून भरा. वाळू समुद्रावरची घेऊ नका, तिच्यातल्या मिठाने माल फुगून निघतो. घुशीचं बीळ असेल तर मालात फुटक्या काचेचा चुरा मिसळा, नाहीतर ती आठ दिवसांत शेजारून नवीन उकरते. पाइप भिंतीतून जातो तिथे फोम भरून भागत नाही, उंदीर फोम कुरतडतो. आधी भांडी घासायची स्टीलची घासणी ठासून बसवा, वर सिमेंट.

मोरीचं पाणी बाहेर उघड्या गटारात किंवा माडाच्या आळ्यात सोडलेलं असतं. त्या पाइपाचं तोंड म्हणजे सापाला थंडगार, बेडकांनी भरलेली वाट. पाइपाच्या बाहेरच्या टोकावर पाव इंचाची जाळी क्लॅम्पने बसवा. खिळवून टाकू नका, कारण पावसाळ्यात पातेरा अडकून ती आठवड्यातून एकदा काढून धुवावी लागते. न धुतल्यास मोरी तुंबते, मग कोणीतरी वैतागून जाळी काढून फेकतं आणि सप्टेंबरात साप येतो.

दाराखालची फट हा वेगळा विषय आहे. मेमध्ये दार आणि उंबरा यांत अर्धा इंच फट दिसते म्हणून रबराची पट्टी घट्ट बसवली की जुलैत दार फुगून पट्टी घासते आणि दार लागेनासं होतं. अॅल्युमिनियमची, लांबट भोकांची पट्टी घ्या, जी स्क्रू सैल करून वर-खाली सरकवता येते. पावसाळ्यात अर्धा सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) वर, दिवाळीनंतर खाली. रबर आतल्या अंगाला येऊ द्या, बाहेर धातू, म्हणजे उंदराचे दात धातूवर पडतात.

घराभोवती सहा फूट पट्टा साफ ठेवा: गवत नाही, पातेरा नाही, कुंड्यांची रांग नाही. लाकडं, सोडणं, करवंट्या, उरलेले चिरे भिंतीला टेकून रचायची सवय कोकणात सगळीकडे आहे आणि विंचू-सापाला तीच सोयीची. ढीग घरापासून पंधरा फूट लांब, जमिनीपासून फूटभर उंच चौथऱ्यावर किंवा माडाच्या ओंडक्यांवर रचा. रत्नागिरी-देवगडच्या कातळावर फुरसं भरपूर. ते जेमतेम हात-दीड हात लांब असतं, मातीच्या रंगाचं, आणि चिऱ्याखाली बसतं. चिरा हाताने उचलू नका, आधी कुदळीने आपल्याकडे तोंड न ठेवता पलटा.

उंदीर कमी तर साप कमी. औषध टाकलेला उंदीर माळ्यावर मरतो आणि त्याला खाणारं घुबड किंवा कुत्रंही मरतं. चाप आणि पिंजरा बरे. चिकट कागद घरात लावू नका. त्यावर सापाचं पिल्लू किंवा पाल चिकटते. चुकून चिकटलीच तर खोबरेल तेल ओतल्यावर सुटते, पण ती सुटताना तिथे बसायचं धैर्य हवं. उंदराच्या मुताने पसरणारा लेप्टोस्पायरोसिस कोकणात पावसाळ्यातला नेहमीचा आजार आहे. पायाला जखम असताना चिखलात अनवाणी उतरू नका.

मण्यार मात्र घर कितीही बुजवलं तरी धरून चालायची. ती रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते आणि तिचा चावा कित्येकदा दुखतही नाही. पहाटे पोटात दुखणं, पापण्या जड होणं, बोलणं अडखळणं दिसलं तर खूण शोधत बसू नका, दवाखाना गाठा. पलंगावर झोपा. जमिनीवरच झोपायचं असेल तर मच्छरदाणी लावून तिच्या कडा गादीखाली चारही बाजूंनी खोचा. हा सगळ्या यादीतला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत भरवशाचा उपाय आहे.

साप घरात दिसलाच तर माणसं बाहेर, त्या खोलीचं दार बंद, दाराखाली ओलं गोणपाट दाबून ठेवा आणि एकाने खिडकीतून नजर ठेवून वन विभागाच्या 1926 क्रमांकावर किंवा गावातल्या सर्पमित्राला फोन करा. नजर सुटली की पुढचे चार दिवस कोणी त्या खोलीत झोपत नाही. मारू नका, 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, शिवाय मारायला गेल्यावर दंशाचा धोका वाढतो. दंश झाला तर आवळून दोरी बांधणं, कापणं, चोखणं काही नाही. हात-पाय फळीला सैल बांधून स्थिर ठेवा, अंगठ्या-बांगड्या काढा, वेळ लक्षात ठेवा, 108 ला फोन करा आणि ग्रामीण रुग्णालयात जा.

बिबट्या, आणि बाकीचे मोठे

बिबट्या घरासाठी येत नाही, खळ्यात (घरापुढच्या अंगणात) बांधलेल्या कुत्र्यासाठी येतो. रात्री कुत्रा पडवीच्या दाराआड, कोंबड्या दगडी किंवा जाड जाळीच्या खुराड्यात आणि खुराड्याला वरूनही छप्पर. गोठ्याचं दार कमरेइतकं ठेवून भागत नाही, वरपर्यंत हवं. विहिरीला चार फुटांचा कठडा आणि वर लोखंडी जाळीचं झाकण लावा. कठडा नसलेल्या विहिरीत रात्री भक्ष्यामागे धावणारा बिबट्या पडल्याच्या घटना कोकणात दर वर्षी होतात आणि त्या दिवशी गावभर गर्दी तुमच्या वाडीत असते. साळिंदर आणि रानडुक्कर घरात येत नाहीत, वाडीत येतात; त्यांचं कुंपण हे वेगळं काम आहे. दोडामार्गाकडे हत्ती येतो तेव्हा वरच्या कुठल्याही जाळीचा उपयोग नाही. परसातला पिकलेला फणस वेळेवर उतरवणं एवढंच हातात.

बंद ठेवायचं घर

मुंबईला परत जाताना तांदळाचा डबा, देवापुढचा गूळ, नारळ काही मागे ठेवू नका. गाद्या दोरीने वाशाला टांगा, भिंतीला टेकवून ठेवल्या तर उंदीर त्यातच वीण घालतात. मोरीचं आतलं भोक दगड ठेवून बंद करा, नुसत्या जाळीवर विसंबू नका. शेजारच्या काकांकडे किल्ली देताना एवढंच सांगा की पहिल्या मोठ्या वाऱ्यानंतर घराला एक फेरी मारून कौल सरकलंय का ते बघा. एक सरकलेलं कौल गणपतीपर्यंत तसंच राहिलं तर मखर लावायच्या आधी उदमांजराची पिल्लं मोजायला लागतात. गणपतीला घर उघडताना भर दुपारी उघडा, आधी सगळी दारं-खिडक्या अर्धा तास मोकळी ठेवा, मग आत जा आणि गुंडाळलेल्या चटया, सुपं, छत्र्या काठीने बाहेर अंगणात ओढून झटका.